कोकरू कोणाचे?

युरोपातल्या एखाद्या जुन्या चित्राची छापील प्रत आपल्या हाती येते. चित्रात मेरी बसलेली असते, तिच्याजवळ बाळ येशू असतो आणि बाळाच्या हाताशी एक पाखरू असते. आपण चित्र पाहतो, रंग छान आहेत म्हणतो, पाखरूही हुबेहूब काढले आहे म्हणतो आणि पान उलटतो. चित्रकाराने मात्र ते पाखरू शोभेसाठी काढलेले नसते. पाखराच्या रूपाने त्याने एक वाक्य लिहिलेले असते, आणि ज्यांच्यासाठी ते लिहिले त्यांना ते वाचताही येत असे. आपण पान उलटतो तेव्हा ते वाक्य न वाचताच पुढे जातो.

ही वाक्ये कशी वाचावीत, हा या लेखाचा विषय आहे. युरोपच्या इतिहासात साधारण चौदाव्या शतकापासून सोळाव्या शतकापर्यंतच्या काळाला रेनेसान्स म्हणतात. आपण मराठीत त्यास प्रबोधनकाळ म्हणतो. इटलीतील फ्लॉरेन्स, मिलान, व्हेनिस, आजच्या बेल्जियममधील गेन्ट आणि ब्रूज, जर्मनीतील न्यूरेंबर्ग ही त्या काळातील कलेची ठळक ठाणी. या गावांत झालेल्या चित्रांत आणि शिल्पांत प्राण्यांची जणू जत्राच भरलेली आहे. सिंह आहे, कुत्रा आहे, कोकरू आहे, ससा आहे, आणि कोणी कधीच न पाहिलेला एकशिंगी घोडाही आहे.

कामगार चळवळीतल्या माणसाने हा विषय का घ्यावा, असे कोणी विचारील. आमचे शाळेतले शिक्षण बेताचेच. पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत. अक्षरओळख नसलेल्या माणसांपुढे आम्ही पुष्कळ वर्षे बोललो आहोत, आणि त्यातून एक गोष्ट पक्की ध्यानात आली आहे. ज्याला अक्षर येत नाही त्याला वाचता येत नाही, असे मुळीच नव्हे. तो झेंडा वाचतो, शिक्का वाचतो, गिरणीच्या दारावरची निशाणी वाचतो. मग निशाणी कोणी ठरविली, तिचे पैसे कोणी दिले आणि ती कोणाच्या बाजूने बोलते, हे विचारणे हा आमचा धंदाच होऊन बसला आहे. तोच प्रश्न आम्ही येथे पाचशे-सहाशे वर्षांपूर्वीच्या चित्रांना विचारणार आहोत.

प्रथम, हे प्राणी बोलावयास शिकले कोठे ते पाहू. इसवी सनाच्या दुसऱ्या ते चौथ्या शतकाच्या दरम्यान, बहुधा इजिप्तमधील अलेक्झांड्रिया शहरी, ग्रीक भाषेत ‘फिजिओलोगस’ नावाचे एक पुस्तक तयार झाले. त्यात प्राण्यांच्या गोष्टी आहेत आणि प्रत्येक गोष्टीला ख्रिस्ती धर्माचे तात्पर्य जोडलेले आहे. सिंहिणीचे छावे मेलेले जन्मतात; तिसऱ्या दिवशी सिंह त्यांच्यावर फुंकर घालतो आणि ते जिवंत होतात. म्हणून सिंह म्हणजे तिसऱ्या दिवशी पुन्हा उठलेला ख्रिस्त. पेलिकन नावाचा मोठ्या चोचीचा पाणपक्षी आपली छाती फोडून रक्ताने पिले जगवितो. म्हणून पेलिकन म्हणजे दुसऱ्यांसाठी रक्त सांडणारा ख्रिस्त. एकशिंगी घोडा कोणाही शिकाऱ्याला सापडत नाही, पण कुमारिकेपुढे आपण होऊन मान टेकतो. म्हणून तो पावित्र्याची खूण. यातली एकही गोष्ट कोणी रानात जाऊन पडताळलेली नव्हती, आणि तशी गरजही कोणाला वाटली नव्हती. प्राणी हे देवाने लिहिलेले पुस्तक आहे आणि त्याचा अर्थ तेवढा जाणून घ्यावयाचा, अशी समजूत होती. या पुस्तकाची लॅटिनमध्ये व इतर भाषांत रूपांतरे झाली, त्यावरून मध्ययुगात चित्रमय प्राणिकोश निघाले, आणि धर्मगुरूंच्या प्रवचनांतून या गोष्टी पुस्तक हाती न धरणाऱ्या माणसांपर्यंतही पोहोचल्या.

प्रबोधनकाळात या जुन्या कोशाला दुसरा एक कोश येऊन मिळाला. 1419 साली ग्रीसजवळच्या आन्द्रोस बेटावर होरापोलो या लेखकाच्या नावाचे एक ग्रीक हस्तलिखित सापडले आणि ते फ्लॉरेन्सला आले. प्राचीन इजिप्तच्या चित्रलिपीचा उलगडा त्यात आहे असे तेव्हाच्या पंडितांना वाटले. आज आपल्याला ठाऊक आहे की त्यातील बरेचसे अर्थ काल्पनिक होते. पण पंडितमंडळी हरखून गेली. जाणत्यांनाच कळावी अशी एक गुप्त भाषा त्यांच्या हाती लागली होती. हे पुस्तक 1505 साली व्हेनिस येथे छापले गेले. पुढे 1531 साली आन्द्रेआ आल्चातो या कायदेपंडिताचा चिन्हांचा संग्रह जर्मनीत आउग्सबुर्ग येथे निघाला आणि तशा पुस्तकांची लाटच आली.

म्हणजे चित्रातले प्राणी दोन भाषा बोलत होते. एक देवळातली, सर्वांना कळणारी. दुसरी दरबारातली, मोजक्या लोकांना कळणारी. हा भेद ध्यानात ठेवला तर पुष्कळ चित्रे सोपी होतात.

देवळातली भाषा आधी घेऊ. तिचे पहिले काम ओळख पटविण्याचे. येशूचे चरित्र लिहिणाऱ्या चौघांपैकी मार्कचा सिंह, लूकचा बैल, जॉनचा गरुड. मॅथ्यूपाशी मात्र मनुष्य किंवा देवदूत. दाढीवाला म्हातारा पुस्तक वाचीत बसला आहे आणि जवळ सिंह आहे, तर तो संत जेरोम. सिंहाच्या पंजातला काटा त्याने काढला आणि सिंह त्याचा सोबती झाला, अशी कथा आहे. लंडनच्या नॅशनल गॅलरीत आन्तोनेल्लो दा मेस्सिना याचे 1475 च्या सुमाराचे जेरोमचे लहानसे चित्र आहे. त्यात संत लाकडी चौथऱ्यावर वाचीत बसला आहे आणि मागच्या अंधाऱ्या ओवरीतून सिंह सावकाश येतो आहे. तो सिंह डरकाळी फोडीत नाही, त्याला कोणी भीतही नाही. तो केवळ संताचे नाव सांगतो.

या भाषेचे दुसरे काम पुढची गोष्ट आधीच सांगण्याचे. आरंभी आपण ज्या पाखराचा उल्लेख केला ते म्हणजे गोल्डफिंच. चिमणीएवढे, पंखांवर पिवळा पट्टा आणि चेहऱ्यावर तांबडा डाग. काटेरी झुडपांच्या बिया हे त्याचे अन्न. येशूच्या मस्तकावर काट्यांचा मुकुट घातला होता; तेव्हा या पाखराने एक काटा उपटला, रक्ताचा थेंब त्याच्यावर पडला आणि तोंड कायमचे तांबडे झाले, अशी लोककथा. राफाएलने 1506 च्या सुमारास ‘गोल्डफिंचसह मेरी’ हे चित्र काढले. ते आज फ्लॉरेन्सच्या उफिझी संग्रहालयात आहे. लहानगा जॉन हातात पाखरू धरून येशूला दाखवितो आहे आणि येशू त्याच्या डोक्यावरून हात फिरवितो आहे. वर पाहिले तर दोन मुले खेळत आहेत. पाखरू वाचले तर मात्र आईच्या डोळ्यांदेखत मुलाचे मरण त्याच्या हाती दिले जात आहे. हे चित्र लोरेन्झो नाझी या व्यापारी मित्राच्या लग्नानिमित्त काढलेले होते. सोळाव्या शतकाच्या मध्यास दरड कोसळून त्याचे घर पडले आणि चित्राचे तुकडे झाले. ते तुकडे जोडून चित्र उभे केले आहे.

हर्बर्ट फ्रीडमन या अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञाने 1946 साली या एका पाखरावर सबंध ग्रंथ लिहिला. 254 चित्रकारांची 486 धार्मिक चित्रे त्याने मोजली, आणि त्यातले बहुतेक चित्रकार इटालियन निघाले. प्लेगच्या साथींनी हैराण झालेल्या त्या देशात हे पाखरू रोगापासून तारणारे म्हणूनही मानले जात होते, आणि घरोघरची मुले त्याला दोरी बांधून खेळवीतही असत. मरण, रोगमुक्ती आणि पोराचे खेळणे हे तिन्ही अर्थ एका मुठीएवढ्या पाखरात एकत्र राहत होते. देवळात गुडघे टेकलेल्या आईला हे कोणी समजावून सांगावे लागत नसेल. तिचे स्वतःचे मूल त्याच पाखराशी खेळत होते.

आता दरबारी भाषेकडे वळू. पोलंडमधील क्राकूव्ह शहरी लिओनार्डो दा विंचीचे एक चित्र आहे. ते 1490 च्या सुमारास मिलान येथे काढले गेले. चिचिलिआ गाल्लेरानी नावाची तरुण मुलगी बाजूला पाहते आहे आणि तिने अर्मिन नावाचा प्राणी कवेत धरला आहे. अर्मिन हा मुंगसासारख्या लांबट अंगाचा लहान प्राणी. थंडीत त्याचे केस पांढरेशुभ्र होतात आणि त्याच्या कातड्याने राजेलोकांचे झगे मढवीत. तो चिखलात अंग मळविण्यापेक्षा शिकाऱ्याच्या हाती सापडणे पत्करतो, अशी जुनी समजूत. लिओनार्डोच्या टिपणांतही ही गोष्ट आहे. म्हणजे पहिला अर्थ निष्कलंकपणा. दुसरा अर्थ ग्रीक जाणणाऱ्यांसाठी. अशा प्राण्याला ग्रीकमध्ये ‘गाले’ म्हणतात; गाल्लेरानी या आडनावावर तो श्लेष आहे. तिसरा अर्थ दरबाऱ्यांसाठी. मिलानचा सत्ताधीश लुदोविको स्फोर्झा याला 1488 साली नेपल्सच्या राजाने अर्मिनच्या नावाचा सन्मान दिला होता. चिचिलिआ ही लुदोविकोची प्रेयसी. म्हणजे तिच्या हातात तो स्वतःच आहे. ती त्या प्राण्याला थोपटते, आणि त्याचा पंजा तिच्या तांबड्या बाहीवर रोवलेला आहे.

एका प्राण्यात तीन अर्थ, आणि तिन्ही एका माणसाच्या सोयीचे! ज्या मुलीला विवाहाचा अधिकार मिळाला नाही तिच्या हातात निष्कलंकपणाची खूण देण्यात आली. चित्र अप्रतिम आहे यात वाद नाही. पण त्याचे पैसे कोणी दिले हे विचारल्याशिवाय ते पुरते वाचता येत नाही.

येथे एक सावधगिरीची सूचना दिली पाहिजे. कुत्रा म्हणजे निष्ठा, ससा म्हणजे कामवासना, मोर म्हणजे अमरत्व, अशी यादी पाठ करून कोणी चित्रे वाचू लागला तर तो फसेल. कुत्र्याचेच पाहा. यान फान आइक याने 1434 साली ब्रूजमधील आर्नोल्फिनी या इटालियन व्यापाऱ्याचे व त्याच्या पत्नीचे चित्र काढले. दोघांच्या पायांशी एक केसाळ लहान कुत्रा आपल्याकडे पाहत उभा आहे. 1934 साली एर्विन पानोफ्स्की या मोठ्या पंडिताने तो पतिपत्नींच्या निष्ठेचे प्रतीक ठरविला आणि तेच पुढे सर्वत्र छापले गेले. नंतरच्या अभ्यासकांनी विचारले की, श्रीमंताच्या घरातला तो नुसता महागडा लाडका कुत्रा का नसावा? अवरक्त किरणांनी तपासले तेव्हा इतर आकृत्यांप्रमाणे कुत्र्याचे कच्चे रेखाटन रंगाखाली आढळले नाही. तो मागाहून, रंगवितानाच, आला. व्हेनिसच्या तित्सिआनोने 1538 साली उर्बिनोच्या राजघराण्यासाठी विवस्त्र पहुडलेली व्हीनस काढली; तिच्या पायांशीही कुत्रा आहे, पण तो झोपलेला आहे. निष्ठा आहे, की निष्ठेला डुलकी लागली आहे? पंडितांत अजून एकमत नाही, आणि ते व्हावे असा आमचाही आग्रह नाही.

याहून मौजेची हकीकत रोमच्या बोर्गेझे संग्रहालयातील राफाएलच्या एका चित्राची. ते संत कॅथरिनचे चित्र म्हणून प्रसिद्ध होते. हाताशी तिच्या छळाचे चाक होते. 1930 नंतरच्या दशकात वरचा रंग काढला तेव्हा चाक गेले आणि त्याखालून मांडीवर घेतलेले एकशिंगी घोड्याचे शिंगरू बाहेर आले. संत गेली आणि एक तरुण कुलीन मुलगी प्रकट झाली. 1959 साली क्ष-किरणांनी तपासणी केली, तर शिंगराच्याही खाली कुत्र्याचे पिल्लू निघाले! मुलीचा चेहरा तोच. मांडीवर आधी कुत्रा, मग शिंगरू, मग हाताशी चाक. ज्याच्या घरी चित्र गेले त्याला जे म्हणावयाचे होते ते तिच्या मांडीवर ठेवले गेले. चिन्हाचा अर्थ चिन्हात नसतो, तो ते वापरणाऱ्याच्या गरजेत असतो, याचा याहून चांगला पुरावा आम्हांला माहीत नाही.

इतके समजल्यावर आपण कोकराकडे येऊ. या लेखाचे शीर्षक त्याच्यावरूनच आहे.

ख्रिस्ती धर्मात कोकरू म्हणजे स्वतः ख्रिस्त. जगाच्या पापासाठी बळी गेलेला निरपराध जीव. गेन्ट शहरातील संत बाव्होच्या देवळात फान आइक बंधूंनी काढलेले आणि 1432 साली पूर्ण झालेले भव्य वेदीचित्र आहे. त्याच्या मध्यभागी हिरव्या कुरणात, वेदीवर, कोकरू उभे आहे. त्याच्या छातीतून रक्ताची धार पेल्यात पडते आहे आणि चारी दिशांनी संत, राजे, यात्रेकरू त्याच्याकडे येत आहेत. सोळाव्या शतकाच्या मध्यास कोणी त्या कोकराचा चेहरा रंगवून साधासुधा मेंढरासारखा केला होता. अलीकडच्या जीर्णोद्धारात तो थर काढला आणि 2019 च्या अखेरीस मूळ चेहरा जगापुढे आला. त्याचे डोळे समोर रोखलेले आहेत, जवळजवळ माणसाचे आहेत. पुष्कळांना ते विचित्र वाटले. काहींनी थट्टाही केली. आम्हांला तसे वाटत नाही. पाहणाऱ्याच्या डोळ्याला डोळा देणारे कोकरू लोकांना बोचले असावे, म्हणूनच पुढच्या काळाने त्याला मुके करून टाकले असावे.

गेन्ट हे लोकरीच्या कापडाचे गाव होते. तसेच दुसरे गाव फ्लॉरेन्स. आणि फ्लॉरेन्समध्ये हेच कोकरू, खांद्याशी निशाण घेतलेले, आणखी एका ठिकाणी दिसते. लोकरीचे कापड करविणाऱ्या मालकांच्या संघाचे ते बोधचिन्ह होते. या संघाला आर्ते देल्ला लाना म्हणत. ‘आर्ते’ म्हणजे धंद्याचा संघ, ‘लाना’ म्हणजे लोकर. संघाच्या इमारतीवर कोकरू होते. फ्लॉरेन्सच्या मोठ्या देवळाच्या बांधकामाची व्यवस्था 1331 पासून याच संघाकडे होती, त्यामुळे देवळावरही ते कोकरू आले. 1420 ते 1436 या काळात ब्रुनेलेस्कीने उभारलेला तो जगप्रसिद्ध घुमट याच संघाच्या देखरेखीखाली झाला. लोकरीचा धंदा असल्यामुळे कोकरू. आणि कोकरू म्हणजे ख्रिस्त असल्यामुळे धंद्याला पावित्र्य. एकाच चिन्हाने हिशेबाची वही आणि धर्मग्रंथ एकत्र बांधले. ते सारे ढोंग होते असे आम्ही म्हणणार नाही. त्या मालकांची श्रद्धा खरी असेल, आणि घुमट तर खराच आहे. पण त्या कोकराची लोकर धुणारे, पिंजणारे, विंचरणारे हात कोणाचे होते?

त्या मजुरांना फ्लॉरेन्समध्ये चोम्पी म्हणत. त्यांना स्वतःचा संघ करण्याची बंदी होती. ते मालकांच्या संघाच्या हुकमतीखाली होते, पण त्या संघाचे सभासद मात्र नव्हते. संघाचा एक खास अधिकारी असे; तो मजुरांना शिक्षा देई. शहराचा कारभार संघांच्या मार्फत चाले, म्हणून ज्याला संघ नाही त्याला कारभारात तोंड नाही. 1378 च्या जुलै महिन्यात हे मजूर उठले. त्यांनी शहराची सत्ता हाती घेतली आणि मिकेले दी लांदो या लोकर विंचरणाऱ्याला नगराचा प्रमुख केले. रंगारी, कपडे शिवणारे आणि चोम्पी यांचे मिळून तीन नवे संघ मान्य झाले. चोम्पींचा संघ ऑगस्टअखेर, म्हणजे काही आठवड्यांतच, मोडला गेला. उरलेले दोन 1382 साली गेले.

या गोष्टीचा चित्रकलेशी काय संबंध, असे कोणास वाटेल. संबंध असा की, फ्लॉरेन्सच्या धंद्यांतील धनिक संघांची चिन्हे आज दगडात आहेत, चिनी मातीच्या चकाकत्या थाळ्यांवर आहेत, संग्रहालयांत आहेत. ज्यांचा संघ काही आठवडेच जगला त्यांचे चिन्ह कोण दगडात कोरणार? प्रबोधनकाळातील कलेत प्राण्यांची एवढी गर्दी आहे, पण प्रत्येक प्राण्याला कोणीतरी पैसे मोजून तेथे उभा केला आहे. जेथे पैसे मोजणारा नव्हता तेथे जागा मोकळीच राहिली. ती मोकळी जागा पाहणे हाही चित्र वाचण्याचाच भाग आहे.

स्वतः चित्रकार या व्यवहारात कोठे होते? तेही कारागीरच होते. फ्लॉरेन्सचे चित्रकार वैद्य आणि औषधविक्रेते यांच्या संघात मोडत, कारण रंगद्रव्ये औषधांच्या दुकानांत मिळत. फ्लँडर्सच्या गावांत त्यांचे संघ संत लूकच्या नावाने असत, म्हणजे बैल ज्याचा सोबती त्या संताच्या. करारनाम्यात आकृती किती, निळा रंग कोणत्या प्रतीचा, हेही लिहिलेले असे. हुकमाप्रमाणे काम करणाऱ्या या माणसांनीच एक गोष्ट हुकमाबाहेर केली. त्यांनी प्राण्यांकडे प्रत्यक्ष पाहावयास सुरुवात केली.

न्यूरेंबर्गचा आल्ब्रेख्त ड्यूरर हा सोनाराचा मुलगा. त्याने 1504 साली आदम आणि ईव्ह यांचे ताम्रपटावरील चित्र केले. त्यात काळवीटवजा मोठा एल्क, बैल, ससा आणि मांजर आहेत. उदासीनता, सुस्ती, कामुकता आणि क्रूरता हे माणसाच्या स्वभावाचे चार दोष त्यांनी दाखविले आहेत असे जाणकार सांगतात. येथपर्यंत जुनाच कोश. पण त्याच ड्यूररने दोन वर्षे आधी, 1502 साली, एक ससा रंगविला होता. तो व्हिएन्नाच्या आल्बेर्टिना संग्रहालयात आहे. कागदावर दुसरे काहीच नाही. केस नि केस मोजून घ्यावा असा तो ससा अंग आखडून बसला आहे, आणि त्याच्या डोळ्यात खोलीच्या खिडकीचे प्रतिबिंब आहे. हा ससा कशाचेच प्रतीक नाही. तो ससा आहे. हजार वर्षे ज्याच्या तोंडी दुसऱ्यांची वाक्ये घातली होती, त्याला एका कारागिराने गप्प बसू दिले आणि नुसते पाहिले. आमच्या मते प्रबोधनकाळाचे मोठेपण या लहानशा कागदात आहे.

पण पाहण्यासाठी प्राणी समोर असावा लागतो. तो नसला म्हणजे काय होते, याची हकीकत आपल्या गोव्याच्या बंदरातून सुरू होते. 1510 साली गोवा घेणाऱ्या आल्बुकेर्कने गुजरातचा सुलतान दुसरा मुझफ्फरशाह याच्याकडे दीव येथे किल्ला बांधण्याची परवानगी मागितली. परवानगी मिळाली नाही. नजराण्यात एक गेंडा मात्र मिळाला. तो 1515 च्या जानेवारीत गोव्याहून जहाजावर चढला आणि 20 मे रोजी लिस्बनला उतरला. रोमन साम्राज्यानंतर युरोपने जिवंत गेंडा पाहिला नव्हता. पोर्तुगीज कागदपत्रांत त्याला ‘गंडा’ म्हटले आहे; तो आपलाच शब्द. गेंडा हत्तीचा हाडवैरी, असे प्राचीन रोमन ग्रंथकार प्लिनीने लिहिले होते. ते खरे की खोटे हे पाहण्यासाठी राजा मानुएलने 3 जूनला दोघांना समोरासमोर आणले. हत्ती पळून गेला, आणि ग्रंथ खरा ठरला असे सर्वांनी मानले. पुढे हा गेंडा पोप दहावा लिओ याला भेट म्हणून पाठविण्यात आला. 1516 च्या आरंभी इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज वादळात सापडले आणि साखळदंडांनी बांधलेला गेंडा बुडाला.

ड्यूररने तो पाहिला नव्हता. लिस्बनहून आलेले वर्णन आणि एक रेखाटन यांवरून त्याने 1515 सालीच लाकडी ठसा केला. त्या चित्रातील गेंड्याच्या अंगावर लोहाराने ठोकून बसवावे तसे चिलखत आहे, आणि मानेवर एक जादा शिंग आहे. तो ठसा अफाट खपला, ड्यूररच्या मृत्यूनंतरही पुन्हा पुन्हा छापला गेला, आणि पुढे दोन-अडीचशे वर्षे युरोपातील पुस्तकांत गेंडा म्हणजे हाच. त्याच वर्षी आउग्सबुर्गच्या हान्स बुर्कमायर यानेही एक ठसा केला. त्यातला गेंडा खऱ्या गेंड्याच्या अधिक जवळ आहे, आणि त्याचे पुढचे पाय बांधलेले आहेत. त्या ठशाची एकच प्रत शिल्लक आहे. बांधलेला गेंडा विसरला गेला. चिलखत घातलेला लक्षात राहिला. थोड्याच वर्षांत तो चिन्हही झाला. फ्लॉरेन्सच्या प्रजासत्ताकाची निशाणी सिंह होती. दोनातेल्लोने 1420 च्या सुमारास कोरलेला तो दगडी सिंह प्रसिद्ध आहे. प्रजासत्ताक मोडून 1532 साली आलेस्सांद्रो दे मेदिची तेथील ड्यूक झाला, आणि त्याने जिंकल्यावाचून न परतणारा म्हणून गेंडा आपले चिन्ह केले. नगराचा सिंह मागे पडला, एका माणसाचा गेंडा पुढे आला. आणि तो गेंडाही वस्तुतः बेडीत मेलेला!

त्या गेंड्याबरोबर गोव्याहून त्याला सांभाळणारा एक हिंदी माणूस गेला होता. पोर्तुगीज कागदांत त्याचे नाव ओसेम असे आले आहे. महिनोन्‌महिने समुद्रावर त्या अजस्र जनावराला चारापाणी करणे, त्याला शांत ठेवणे हे काम त्याचे. ड्यूररच्या ठशात गेंडा एकटाच आहे.

तेव्हा अशी चित्रे पाहताना काय करावे? आज मोठमोठ्या संग्रहालयांनी आपली चित्रे कोणालाही पाहता येतील अशी खुली केली आहेत. वाचनालयांतही त्यांच्या चांगल्या प्रती मिळतात. चित्रात प्राणी दिसला की प्रथम त्याच्याकडे नीट पाहावे. त्याचा डोळा पाहावा, पंजा पाहावा, तो झोपला आहे की जागा आहे ते पाहावे. मग तीन प्रश्न विचारावेत: हे चित्र कोठे लावले होते, त्याचे पैसे कोणी दिले, आणि ते कोणी पाहावयाचे होते. कोशातला अर्थ त्यानंतर काढावा, आधी नव्हे. शेवटी चौथा प्रश्न विचारावा: या जनावराला दाणापाणी कोणी केले, याची लोकर कोणी पिंजली? त्याचे उत्तर बहुधा चित्रात सापडणार नाही. ते इतिहासाच्या पुस्तकांत शोधावे लागते, आणि तीही पुस्तके त्याच वाचनालयात असतात.